बाळसे : किती, केव्हा आणि कशाचे?

'बाळसे' हा मराठीतील एक गोड शब्द आहे. त्याच्या जोडीचा हिंदी शब्द चटकन आठवत नाही. म्हणूनच की काय, ग्वाल्हेरच्या ज्या मराठी घरांत नातवंडे आपसांत हिंदीच बोलतात, तिथेही आजी नातवाला मांडीवर घेते तेव्हा 'छान बाळसं धरलंय हो' असेच म्हणते. गुबगुबीत गाल, मनगटावरच्या वळ्या आणि मांड्यांवरच्या घड्या हे बाळशाचे रूप. आपल्या भाषेत नवी संस्थादेखील 'बाळसे धरते'. शब्दातच भरभराटीचा अर्थ असल्यामुळे, ज्या बाळाने बाळसे धरलेले नाही त्याच्या आईला नात्यागोत्यात किती प्रश्नांना तोंड द्यावे लागते, हे बालरोगतज्ज्ञांना वेगळे सांगायला नको.

तेच प्रश्न घेऊन ती आपल्या दवाखान्यात येते. ''शेजारच्या बाळाचे आठ किलो झाले, आमचे साडेसहावरच आहे. काहीतरी लिहून द्या.'' घाईच्या वेळी आपल्या हातून काहीतरी लिहूनही दिले जाते. कधी एखादे टॉनिक, तर कधी दुधाच्या भुकटीचा डबा. ते लिहून देण्यापूर्वी आपण तीन प्रश्न विचारावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वजन किती वाढले? केव्हा वाढले? आणि कशाचे वाढले? यांपैकी पहिला प्रश्न आपण नेहमीच विचारतो. मुलाच्या पुढील आरोग्याशी मात्र उरलेल्या दोन प्रश्नांचा संबंध अधिक जवळचा आहे, असे गेल्या काही दशकांतील संशोधन सांगते. त्या संशोधनातील मोलाचा भाग पुण्यात आणि आपल्या शेजारच्या दिल्लीत झालेला आहे.

वजन ही एक बेरीज

तराजूवर दिसणारा आकडा हाडे, स्नायू, यकृत-मूत्रपिंडादी अवयव, मेंदू, पाणी आणि चरबी या सर्वांची बेरीज असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात जन्मतः सुमारे १४ टक्के चरबी असते. पाचसहा महिन्यांचे होईतो ती २५ टक्क्यांच्या आसपास जाते. त्यानंतर बाळ रांगू व चालू लागते, उंची वाढत राहते आणि चरबीचे प्रमाण उतरत जाते. 'चालायला लागलं की बाळसं उतरतं' हे आजीचे निरीक्षण शरीरशास्त्राला धरूनच आहे. पुढे साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास बीएमआय सर्वांत कमी होऊन पुन्हा चढू लागतो. हे चढणे पाच वर्षांपूर्वीच सुरू झाले, तर पुढे लठ्ठपणाचा संभव वाढतो.

म्हणजे पहिल्या वर्षातील गुटगुटीतपणा निसर्गक्रमातलाच आहे. मात्र तोच आकडा स्नायू व उंची वाढूनही गाठता येतो आणि केवळ चरबी साठूनही गाठता येतो. तराजू या दोहोंत फरक करीत नाही. तो करण्यासाठी लांबी मोजण्याची फळी लागते, आणि आपल्याकडील बहुतेक दवाखान्यांत सर्वांत कमी वापरले जाणारे साधन तेच असते.

हर्टफर्डशायरच्या नोंदवह्या

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्माच्या वेळचे आणि एक वर्षाचे वजन वहीत लिहून ठेवीत असत. अनेक दशकांनी साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले, याचा माग घेतला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष त्या काळी अनेकांना पटला नाही : एक वर्षाचे असताना ज्यांचे वजन १८ पौंड म्हणजे सुमारे ८.२ किलो किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक होते. पहिल्या वर्षी चांगले वाढलेल्यांमध्ये ते बरेच कमी आढळले. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण स्वभावाबद्दल वापरतो. ती हृदय, स्वादुपिंड आणि रक्तवाहिन्यांनाही लागू पडावी, असा हा पुरावा होता.

पुण्याजवळची सहा गावे

हा विचार भारतात नेमका कसा लागू पडतो, याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत त्यांनी 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केला. तेथील मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो. साउदम्प्टनमधील बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो होते. आपली बाळे लहान असतात, हे नवे नव्हते. नवे होते ते पुढचे. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव इंग्रज बाळांच्या मानाने बरेच कमी भरले. खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेची घडी मात्र त्या मानाने फारच थोडी कमी भरली. म्हणजे बाळ दिसायला कृश, पण आतून चरबी राखून असलेले. २००३ मध्ये या निष्कर्षांसोबत जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात 'थिन-फॅट इंडियन बेबी' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

त्याआधी १९९९ मध्ये याच रुग्णालयातील आठ वर्षांच्या ४७७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक कोणत्या मुलांत आढळला? जी जन्मतः लहान होती आणि आठव्या वर्षी मात्र अधिक चरबी बाळगून होती, त्यांच्यात. जन्मतः लहान असणे आणि पुढे अंगाने भरणे, या दोहोंच्या मिलाफात धोका आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

या संशोधनाची एक बोलकी आठवण २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये छापली गेली आहे. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन शेजारीशेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३ इतकाच, शरीरातील चरबी मात्र डॉ. यडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा एकच असला तरी त्यातील ऐवज किती वेगळा असू शकतो, हे समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण नाही.

दिल्लीचा दाखला : दोन वर्षांपूर्वी आणि दोन वर्षांनंतर

१९६९ ते १९७२ या काळात दक्षिण दिल्लीतील एका वस्तीत जन्मलेल्या मुलांची नोंद ठेवण्यास सुरुवात झाली. त्यांना जन्मापासून दर तीन ते सहा महिन्यांनी मोजले गेले आणि हे काम पौगंडावस्थेपर्यंत चालू राहिले. त्यांतील १,४९२ जण २६ ते ३२ वर्षांचे झाल्यावर डॉ. भार्गव, डॉ. सचदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या रक्तातील साखर तपासली. इतक्या तरुण वयात १०.८ टक्के लोकांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, तर ४.४ टक्के लोकांना मधुमेह झालेला होता.

त्यांच्या बालपणाचा आलेख मागे जाऊन पाहिला तेव्हा एक ठराविक आकृती दिसली. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत ही मुले बारीक होती. मग त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा लवकर चढू लागला आणि तारुण्यापर्यंत चढतच राहिला. विशेष म्हणजे बाराव्या वर्षी त्यांपैकी एकही मूल लठ्ठ नव्हते! कोणत्याही शाळेच्या आरोग्य तपासणीत ती 'ठीक' म्हणूनच उत्तीर्ण झाली असती. त्यांची कोणतीही एक नोंद दोषी नव्हती. दोष आलेखाच्या चढात होता.

याच गटाच्या २००५ मधील अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पहिल्या एकदोन वर्षांत वाढलेला बीएमआय पुढे मुख्यतः स्नायूंच्या रूपाने दिसतो, तर उशिरा वाढलेला बीएमआय प्रामुख्याने चरबीच्या रूपाने. २०१३ मध्ये ब्राझील, ग्वाटेमाला, भारत, फिलिपीन्स आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतील नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा त्याला दुजोरा मिळाला. पहिल्या दोन वर्षांत उंचीने चांगली वाढलेली मुले पुढे उंच झाली आणि त्यांचे शिक्षणही अधिक झाले. दोन वर्षांनंतर उंचीच्या मानाने वजन झपाट्याने वाढलेल्यांत मात्र लठ्ठपणा आणि वाढलेला रक्तदाब अधिक आढळला.

थोडक्यात, पहिल्या दोन वर्षांत उंचीबरोबर आलेले वजन ही मुलाची पुंजी होय. दोन वर्षांनंतर उंचीला मागे टाकून धावणारे वजन हे कर्ज होय, आणि त्याची फेड तिशीत सुरू होते.

मग पहिल्या वर्षी कितीही वाढले तरी चालेल काय?

येथे 'कशाचे' हा तिसरा प्रश्न येतो. संपन्न देशांतील अनुभव असा की, बाळ आपल्या आलेखावरील रेषा ओलांडून झपाट्याने वर गेले, तर पुढे त्याच्या अंगी चरबी अधिक राहते. युरोपातील पाच देशांत झालेल्या एका प्रयोगात काही बाळांना जास्त प्रथिनांची आणि काहींना कमी प्रथिनांची दुधाची भुकटी पहिले वर्षभर देण्यात आली. दोन वर्षांचे होईतो पहिल्या गटाचे वजन अधिक झाले. लांबी मात्र दोन्ही गटांची सारखीच राहिली. सहाव्या वर्षी पहिल्या गटात लठ्ठ मुलांचे प्रमाणही अधिक होते. आईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे सुमारे १ ग्रॅम प्रथिने असतात, तर गाईच्या दुधात सुमारे ३.३ ग्रॅम. सहा महिन्यांच्या आत 'वजन भरावे' म्हणून वरचे दूध सुरू करण्याचा अर्थ काय होतो, हे यावरून ध्यानात यावे.

दुर्दैवाने जुने तक्तेच आपली दिशाभूल करीत असत. पूर्वी प्रचलित असलेले अमेरिकी तक्ते बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बाळांवरून तयार झाले होते. केवळ आईच्या दुधावरील बाळ पहिले दोनतीन महिने भरभर वाढते आणि नंतर त्याची गती थोडी मंदावते. त्या तक्त्यांवर ते चौथ्या महिन्यापासून 'घसरलेले' दिसे आणि निरोगी बाळाच्या हाती बाटली येई. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील स्तनपानावर वाढलेल्या मुलांवरून सिद्ध झालेले आहेत. त्यांतील भारतीय केंद्र दिल्ली होते. योग्य आहार, निर्धूम घर आणि निरोगी माता लाभल्यास दिल्लीचे मूल ऑस्लोच्या मुलाइतकेच उंच वाढते, हेही त्या अभ्यासाने सिद्ध केले. 'आपली मुले अंगाने लहानच असायची' ही समजूत त्यामुळे पहिल्या पाच वर्षांपुरती तरी सोडून द्यावी लागते.

चार आलेख, चार सल्ले

व्यवहारात आपल्यासमोर येणारी बाळे ढोबळमानाने चार प्रकारची असतात.

पहिले, लहान पण आपल्या रेषेवर चालणारे बाळ. जन्मवजन २.६ किलो, सहा महिन्यांचे वजन साडेसहा किलो. लांबी, हालचाल, लघवी, झोप सारे उत्तम. आलेख मधल्या रेषेच्या खाली असला तरी तिला समांतर आहे. याला कोणतेही औषध नको. आईला धीर हवा, आणि तोही सासूबाईंच्या देखत दिलेला हवा.

दुसरे, सहा महिन्यांपर्यंत उत्तम आणि त्यानंतर घसरणारे बाळ. आपल्याकडे हे फार आढळते. याचे कारण बहुधा स्वयंपाकघरात सापडते. वरणाचे पाणी, भाताची पेज, पातळ दूध-बिस्किट यांनी पोट भरते, पण ऊर्जा मिळत नाही. आईच्या दुधाखेरीज सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला रोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३०० आणि दुसऱ्या वर्षी ५५० उष्मांक वरच्या आहारातून मिळावे लागतात. चमच्यातून ओघळणार नाही इतकी घट्ट मुगाची खिचडी, त्यावर तूप, कुस्करलेली भाजी, दही, चालत असल्यास अंडे, आणि लोहाची मात्रा : खरे टॉनिक हेच. दुसऱ्या वर्षी दिवसभर दूधच पिणारे मूल जेवत नाही आणि रक्तक्षयी होते, हेही सांगितले पाहिजे.

तिसरे, अपुऱ्या दिवसांचे किंवा जन्मतः फार लहान बाळ. याने मागची उणीव भरून काढणे इष्टच आहे. त्याचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरून दोन वर्षांपर्यंत आलेख काढावा, नाहीतर विनाकारण घबराट होते. आईचे दूध, कांगारू पद्धतीची ऊब आणि डोक्याच्या घेराची नोंद या तीन गोष्टी येथे अत्यावश्यक होत. त्याने लांबीसह भरावे. केवळ गोल व्हावे अशी घाई नको.

चौथे, अडीचतीन वर्षांनंतर रेषा ओलांडून वर जाणारे मूल. याची तक्रार घेऊन कोणी येत नाही. आले तरी कौतुक घेऊन येते. जन्मतः लहान असलेल्या मुलाचा आलेख असा वळला की आपण सावध व्हावे. भरवण्याचा आग्रह, दूरदर्शन किंवा मोबाइल समोर ठेवून घातलेला घास, रोजचे चिप्स व गोड पेये, अंगणातल्या खेळाचा अभाव या गोष्टी याच वयात थांबवता येतात. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शालेय वयातील मुलांत व किशोरांत दर दहांमागे एकाची साखर मधुमेहपूर्व पातळीवर आढळली होती, हे लक्षात घेता या चौथ्या मुलाकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

ग्वाल्हेरच्या एकाच दारातील दोन मुले

आपल्या शहराचे वेगळेपण असे की, येथे हे दोन्ही टोकांचे रुग्ण एकाच डॉक्टरसमोर येतात. श्योपूर-शिवपुरीकडील सहरिया वस्त्यांतून कमलाराजा रुग्णालयात आलेल्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरतो, आणि त्याच संध्याकाळी लष्करमधल्या दवाखान्यात चार वर्षांचे, पँटचे बटण न लागणारे मूल समोर बसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३३ टक्के मुले कमी वजनाची होती. पहिल्या मुलाला 'वजन वाढवा' हा सल्ला जीवनदायी आहे, दुसऱ्याला तोच सल्ला घातक. त्यातही पहिले मूल पोषण पुनर्वसन केंद्रातून बरे होऊन गेले की, त्याचा आलेख उंचीसह वाढतो की केवळ वजनाने, हे पाहण्यासाठी त्याला पुन्हा बोलावणे आवश्यक आहे. नाहीतर आजचे कुपोषण उद्याच्या मधुमेहाला जागा करून देते.

वैद्यकबंधूंना व समाजाला विनंती

वैद्यकबंधूंनी प्रत्येक भेटीत वजनाबरोबर लांबीही मोजावी आणि दोन्ही बिंदू तक्त्यावर आईच्या समोर मांडावेत. एका वजनावरून निदान करू नये. निदान तीन नोंदी जोडून पाहाव्यात. दुधाच्या भुकटीचा निर्णय वैद्यकीय कारणाशिवाय घेऊ नये. भारतात १९९२ चा आणि २००३ मध्ये अधिक कडक झालेला कायदा अशा भुकट्यांच्या व बाटल्यांच्या जाहिरातीला मनाई करतो. इतकेच नव्हे, तर डॉक्टरांच्या संस्थांनी त्या उत्पादकांकडून संमेलनासाठी साहाय्य घेण्यालाही मनाई करतो. स्मरणिका काढणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी हे विसरता कामा नये.

समाजातील वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, बारशाला, वाढदिवसाला किंवा हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत बाळांच्या वजनांची तुलना थांबवावी. सुदृढ बालक स्पर्धा भरवायचीच असेल, तर वजनाला बक्षीस देण्याऐवजी पूर्ण भरलेल्या तक्त्याला आणि वेळेवर झालेल्या लसीकरणाला द्यावे. आणि बाळशाचा आरंभ बाळाच्या आईपासून होतो, हेही ध्यानात असावे. पुण्याच्या त्या सहा गावांत ज्या गर्भवतींच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक होते, त्यांची बाळे जन्मतः मोठी भरली. सुनेच्या ताटातील पालेभाजी ही नातवाच्या बाळशाची पहिली वाटी होय.

शेवटी एक लहानशी गोष्ट. हर्टफर्डशायरच्या सेविकांनी वह्या जपल्या नसत्या, तर हे सारे शास्त्र आपल्या हाती आले नसते. आपल्या घरी मुलाची जन्मपत्रिका रेशमी कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली असते, ती पंचवीस वर्षांनी लग्नाच्या वेळी नेमकी सापडते. वाढीचा तक्ता मात्र मूल शाळेत जाण्यापूर्वीच रद्दीत गेलेला असतो. त्या पत्रिकेशेजारीच हा तक्ताही ठेवावा. पुढे त्या मुलाच्या तिशीत एखादा डॉक्टर त्याचा रक्तदाब पाहून विचारात पडेल, तेव्हा उत्तराची सुरुवात त्याच कागदावर सापडेल.